ऐकू येत होतं, बोलवत नव्हतं

माझं ऑपरेशन चांगलं झालं हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सर्जन कुणाला तरी सांगत होता की पित्ताशय निघालं, रक्त फारसं गेलं नाही, तासाभरात उरकलं. मग एका नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवून माझं आडनाव घेतलं. आमच्या आडनावाचा जर्मनीत जो चुराडा होतो तो दहा वर्षांत माझ्या अंगवळणी पडला आहे, त्यामुळे हाक मलाच आहे हे कळलं. डोळे उघडा, ती म्हणाली. मी उघडले नाहीत.

उघडले नाहीत की उघडता आले नाहीत, हे मला आजही सांगता येत नाही. विचारणाऱ्याला दोन्हींपैकी एक काहीतरी हवं असतं, आणि मी दोन्ही म्हटलं की तो मान हलवून विषय बदलतो. तेव्हा जे होतं ते असं: आवाज सगळे येत होते, पोटात नाभीपाशी ओढल्यासारखं दुखत होतं, पायांवर गरम हवेचं पांघरूण होतं. आणि या सगळ्याचं माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आम्ही न्युरेम्बर्गला राहतो. मी रोज बसने हेर्त्सोगेनआउराखला जाते आणि यंत्रांचे सुटे भाग किती फेऱ्यांनंतर तुटतात ते तपासते. नवरा इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात आहे, तो ट्रेनने जातो. जर्मनीत आल्यापासून त्याला फॉर्म भरायची चटक लागली आहे. घरभाडं असो की मुलीची पोहण्याची शिकवणी, कागद आला की तो डायनिंग टेबलावर काळं पेन घेऊन बसतो. तसाच माझ्या भुलीचा फॉर्मही त्यानेच भरायला घेतला. दमा आहे का, खोटे दात आहेत का, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, असं तो एकेक मोठ्याने वाचत होता आणि मी मुलीच्या डब्यासाठी काकडी चिरत होते. मानसिक आजार, हे त्याने वाचलं आणि माझ्याकडे न बघता 'नाइन'वर, म्हणजे 'नाही'वर, खूण केली. "हे तर नाहीच," तो म्हणाला.

मी काकडी चिरत राहिले.

त्याला आजार म्हणायचं का, हा प्रश्न आहेच. मी वीस वर्षांची होते, अमरावतीला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बाबा हर्नियाच्या ऑपरेशनला चालत गेले आणि भुलीतून बाहेर आले नाहीत. हृदय थांबलं, म्हणाले; पुढे नवऱ्यालाही तेवढंच सांगितलं. त्या संध्याकाळी मी घरी येऊन बाजेवर आडवी झाले, आणि दोन दिवस कुणी हाक मारली, हलवलं, तोंडावर पाणी मारलं, तरी डोळे उघडले नाहीत. अमरावतीत मानसोपचाराचे डॉक्टर होते, पण तिथे कुणी पाहिलं तर काय, म्हणून मामाने जीप करून नागपूरला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हिला सगळं ऐकू येतंय, धक्का बसलाय, उठेल. तिसऱ्या दिवशी मी उठले आणि चहा मागितला. नातेवाइकांना अशक्तपणा म्हणून सांगितलं.

पुढे समाजाच्या वधू-वर मेळाव्यासाठी माझा बायोडाटा लिहिला. उंची, शिक्षण, मामांचं गाव, अपेक्षा: निर्व्यसनी. आई म्हणाली, "ते तिकडे बोलायचं नाही. एकदा झालं, संपलं. पोरीच्या नावापुढे एकदा लागलं की सुटत नाही." आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, गावातल्या बायकांच्या अंगात येतं ते थोतांड आहे असं भर सभेत सांगायची. पण पोटच्या पोरीचं आलं तेव्हा तिनेही दार लावून घेतलं. आणि मीही लावलं, उगाच तिच्या एकटीच्या माथी कशाला मारू. अकरा वर्षांच्या संसारात विषय निघाला नाही, एवढंच, असं मी स्वतःला सांगत असे. विषय निघू नये याची काळजीही मीच घेत असे.

ऑपरेशनच्या सकाळी मला भीती वाटत नव्हती. सगळ्यांनी विचारलं आणि सगळ्यांना मी खरं तेच सांगितलं. मला काहीच वाटत नव्हतं. भूल देणारी डॉक्टर पन्नाशीची, घोगऱ्या आवाजाची बाई होती. माझ्या तोंडावर मास्क धरून ती म्हणाली, काहीतरी छान आठवा. मी आठवायला गेले आणि काही सापडलं नाही.

तर आता तीच डॉक्टर आली. तिच्या हाताला सॅनिटायझरचा आणि कॉफीचा वास होता. तिने माझ्या पापण्या वर केल्या आणि टॉर्च मारला. बोटाला टोचून साखर बघितली. भुलीची औषधं उतरवायचं इंजेक्शन दिलं, ते नसेत थंड गेलेलं मला कळलं. छातीच्या हाडावर बोटांची पेरं दाबून घासली. दुखलं, चांगलंच दुखलं, पण शेजारच्या घरात कुणी खिळा ठोकावा तसं ते दुखणं लांब कुठेतरी होतं.

मग तिने माझा उजवा हात उचलला, माझ्या चेहऱ्याच्या बरोबर वर नेला आणि सोडून दिला. बेशुद्ध माणसाचा हात अशा वेळी नाकावर आपटतो. माझा हात बाजूला पडला. तिने पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. पुन्हा बाजूला. मी असं काही ठरवलं नव्हतं. हात माझ्या परवानगीशिवाय माझं नाक वाचवत होता.

"आल्झो," तर मग, असं ती हळूच म्हणाली. नर्सने काय ते विचारलं. डॉक्टर म्हणाली की मला एक शंका आहे, पण शंकेवर विसंबून डोकं तपासायचं सोडता येत नाही. पक्षाघात असू शकतो, रक्तस्राव असू शकतो. मला स्कॅनला नेलं. लिफ्टमध्ये दोन पोर्टर सुट्टीत कुठे जाणार ते बोलत होते. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. रक्तातही काही निघालं नाही.

मग नवऱ्याला फोन गेला आणि तो इंगोलश्टाटहून जेवण टाकून आला. तोवर मला एका छोट्या खोलीत हलवलं होतं. कंपनीचं ओळखपत्र त्याच्या गळ्यात तसंच होतं, वाकला की ते पलंगाच्या दांडीवर टकटक वाजायचं. "अगं," तो म्हणाला, "झालं ऑपरेशन. ऊठ ना." मग पुन्हा, "चारला पिल्लूला होर्टमधून आणायचंय." मला हे सगळं समजत होतं. शाळा सुटल्यावर मुलं त्या होर्टमध्ये थांबतात आणि चारनंतर उशीर झाला की तिथली बाई तोंड वाकडं करते, हेसुद्धा आठवलं. तरी आतून काही हललं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

डॉक्टर त्याच्याशी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून सावकाश, सोप्या जर्मनमध्ये बोलली. तपासण्या ठीक आहेत. कधीकधी भुलीनंतर माणूस शरीराने जागा होतो पण मन त्याला येऊ देत नाही, आणि हे सोंग नसतं. तसं असेल तर वाट बघणं हाच उपाय. पण तसं आहे हे कशावरून? नसेल तर मला अतिदक्षता विभागात न्यावं लागेल, पाठीत सुई घालून पाणी काढावं लागेल, कदाचित घशात पुन्हा नळी. "त्यांना पूर्वी कधी असं झालं होतं का? एकदाही? झालं असेल तर मी थांबू शकते."

"नाइन," नवरा म्हणाला. "कधीच नाही." त्याचा आवाज अगदी स्वच्छ होता, कारण तो खरं बोलत होता.

"त्यांच्या आईवडिलांना विचारा."

त्याने अमरावतीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडे संध्याकाळ होती, मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. त्याने सांगितलं की ऑपरेशन ठीक झालं पण ती अजून डोळे उघडत नाही, काही बोलत नाही. "आई, तुम्ही नीट आठवून सांगा. लग्नाआधी असं कधी झालं होतं का? डॉक्टर विचारताहेत. महत्त्वाचं आहे."

मला वाटलं, आता सांगेल.

"नाही हो," आई म्हणाली. "तिला कशाला असं काही होईल? ती फार खंबीर आहे. तिचे बाबा गेले तेव्हा तिनंच सगळ्यांना सांभाळलं." शेवटच्या वाक्याला तिचा आवाज जरा घसरला. नवऱ्याला तो काळजीचा वाटला असणार. त्याने डॉक्टरला सांगितलं, नाही, काही नाही.

"अहो," आई म्हणाली, "फोन जरा तिच्या कानाशी धरता का? तो मोठा आवाज बंद करून."

त्याने स्पीकर बंद केला आणि फोन माझ्या कानाला लावला. फोन त्याच्या हाताने गरम झाला होता. आईला माहीत होतं की मला ऐकू येतंय. सगळ्या जगात फक्त तिलाच ते पक्कं माहीत होतं. ती कुजबुजली, "बाई माझी, मी काहीच सांगितलं नाही बरं. कुणाला काही कळलं नाही. तू बिनघोर ऊठ."

मी काय सांगू. एका बाजूला पाठीत घालायची सुई तयार होत होती, आणि माझी आई मला धीर देत होती की मी खोटं बोलले, तू घाबरू नकोस. राग यायला हवा होता. रडू यायला हवं होतं. मी नुसती पडून राहिले, आणि फोन बंद झाल्यावर कानाला गार लागलं, एवढंच लक्षात राहिलं.

सुई घातली नाही. त्या डॉक्टरने आपल्या हिमतीवर एक तास मागून घेतला. नर्सला पडदा ओढायला सांगितलं, यंत्राचा आवाज बारीक करायला लावला, नवऱ्याला म्हणाली की जा, मुलीला होर्टमधून घरी न्या. मग ती माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "तुमच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. तुम्ही जिवंत आहात, ऑपरेशन संपलं आहे. तुम्हाला काहीही करायचं नाही. उत्तर द्यायचं नाही. मी इथे माझं लिहिण्याचं काम करते." आणि ती खरोखरच काम करत बसली. कीबोर्डचा आवाज येत होता. मधेच तिने एक सफरचंद खाल्लं. तिने मला एकदाही हाक मारली नाही.

तुम्ही जिवंत आहात. हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. सगळे नुसते ऊठ म्हणत होते. डोळे कधी उघडले ते मला कळलं नाही. छताच्या पांढऱ्या फळ्यांना बारीक भोकं होती आणि मी ती बऱ्याच वेळापासून बघत असावे. डॉक्टरने मान वर केली. "ना आल्झो. गुटन टाग," आलात तर, नमस्कार, असं ती म्हणाली. मी पाणी मागितलं, मराठीत. तिला ते समजलं.

नवरा मुलीला शेजारणीकडे सोडून परत आला, मला बसलेली बघून दांडीवर कपाळ टेकवून उभा राहिला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कारण तसं करतात हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर पुन्हा आली. तिच्या हातात पासपोर्टाएवढं एक दुमडलेलं कार्ड होतं. भुलीच्या वेळी काही वेगळं घडलं की ते इथे अशा कार्डावर लिहून देतात, पुढच्या वेळी कुठल्याही दवाखान्यात दाखवायला. ती म्हणाली, यावर काय लिहायचं ते तुम्हाला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. आणि मग तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी मला.

"नाही, कधी झालेलं नाही," नवरा म्हणाला. सवयीने, आणि प्रेमाने. मी तोंड उघडायच्या आत.

मी म्हटलं, "झालं होतं." मराठीत म्हटलं. माझं जर्मन चांगलं आहे, तुटलेल्या भागांचे तीस तीस पानी अहवाल मी जर्मनमध्ये लिहिते. पण हे मला मराठीतच येत होतं. मी त्याला म्हटलं, "तू सांग तिला. मी सांगते तसं सांग."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग खुर्ची पुढे घेतली. मी एक वाक्य बोलायचे, तो ते जर्मनमध्ये करायचा. तिचे वडील ऑपरेशनला गेले, त्या वेळी ती वीस वर्षांची होती. ते भुलीतून उठले नाहीत. दोन दिवस तिने डोळे उघडले नाहीत. नागपूरला नेलं. घरच्यांनी हे लपवलं. लग्नाआधीही लपवलं. हे शेवटचं वाक्य त्याने जसंच्या तसं सांगितलं, क्रियापद जागच्या जागी ठेवून, ऑफिसच्या बैठकीत बोलतो त्या आवाजात. माणूस चांगला आहे माझा.

"आणि काय?" डॉक्टरने मला विचारलं. तिला कसं कळलं की आणखी काही आहे, कोण जाणे.

मी म्हटलं, "त्या ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही माझी होती. दगावल्यास जबाबदारी आमची, असं त्यावर लिहिलं होतं. मी वाचून सही केली."

हे वाक्य त्याला लगेच जर्मनमध्ये करता आलं नाही. तो गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी बोटाला गुंडाळत राहिला. मग त्याने केलं.

ती गेल्यावर तो खिडकीशी उभा राहिला. "म्हणजे काल तुला सगळं ऐकू येत होतं," तो म्हणाला. मी हो म्हटलं. "आई कानात काय म्हणाल्या?" मी तेही सांगितलं. "अकरा वर्षं," एवढंच तो म्हणाला, आणि खाली गाडीचं पार्किंगचं तिकीट बघायला गेला. पुढचे काही दिवस तो माझ्याशी फक्त औषधं, सूप आणि मुलीच्या बुटांबद्दल बोलला. मला घाई नव्हती. घाई करायचा मला हक्कही नव्हता.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी आईला फोन केला. तोपर्यंत मला तिचा राग आला होता, उशिरा का होईना पण चांगला आला होता, आणि मला त्याचं बरंच वाटलं. मी तिला झापायचं ठरवलं होतं. माझ्या घशात नळी गेली असती, आई. माझ्या पाठीत सुई गेली असती. सगळं तयार होतं. पण तिने फोन उचलून "बरी आहेस ना बाई" म्हटलं आणि मी एवढंच बोलले, "मी सांगितलं त्यांना. सगळं सांगितलं. सहीचंही."

पलीकडे काही नाही. मला वाटलं कट झाला. स्क्रीनवर सेकंद पुढे जात होते. मग तिचा श्वास ऐकू आला, नाकातून, जरा जड. मी "आई" म्हणणार होते, तोंडाशी आलं होतं. म्हटलं नाही. फोन कानाला धरून मी सोफ्यावर बसून राहिले. खाली ट्राम येऊन गेली, पुढची आली. मुलगी दारात येऊन बघून गेली.

"तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला होता," आई म्हणाली. आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा वाटावा इतका लहान होता. "मी वाचला. ती ओळ वाचली आणि माझा हात उठेना. मग मी तो तुझ्याकडे सरकवला. म्हटलं, तुझं इंग्लिश चांगलं आहे, तू कर. तो कागद मराठीत होता गं."

मला ते आठवलं नाही. एवढी वर्षं मी तो कागद रोज मनात बघत आले होते, पण तो कुणाच्या हातातून माझ्याकडे आला हे मला आठवलं नाही.

"ती सही मी करायची होती, तू नव्हे," ती म्हणाली. "तुझं नाव झाकायला गप्प नाही राहिले मी. माझं झाकत होते."

मला काही बोलता येत नव्हतं, आणि या वेळी ते कशामुळे हे मला ठाऊक होतं. पण तिकडे ती एकटी फोन धरून बसली होती, आणि उत्तर न येणाऱ्या माणसापाशी बसणं काय असतं हे तिने दोनदा भोगलं होतं. म्हणून मी "हं" म्हटलं. ती पुढे सांगू लागली तसं पुन्हा म्हटलं, हं.